पीएसए ग्रेडिंग: ९ नंबर परवडत असेल तरच कार्ड पाठवा

पोकेमॉनचं एखादं कार्ड साध्या स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीत, ४० डॉलरला विकलं जातं. तेच कार्ड पीएसए या कार्डं तपासून नंबर देणाऱ्या कंपनीच्या सीलबंद डबीत, लाल काठाच्या लेबलवर '१०' हा आकडा घेऊन आलं की त्याचे १५० डॉलर मिळतात. हा फरक पाहून कार्डांच्या फेरविक्रीत नव्याने उतरलेले बरेचजण सुरुवातीलाच वीस-पंचवीस कार्डांचा गठ्ठा पीएसएला पाठवून देतात. मधला खर्च किती, पैसे किती महिने अडकणार, '१०' ऐवजी '९' आला तर काय, याचा हिशेब मांडायचा राहून जातो. पीएसएची सेवा भरवशाची आहे का? आहे. तिच्यातून नफा होईल का, हे मात्र कार्ड टपालात पडण्याआधीच ठरलेलं असतं. हे परीक्षण फक्त विकणाऱ्याच्या बाजूने लिहिलं आहे. स्वतःच्या संग्रहातलं आवडतं कार्ड जपून ठेवायचं असेल तर हा हिशेब लागू नाही, खुशाल पाठवा.

पीएसए ही कॅलिफोर्नियातली कंपनी १९९१ पासून कार्डं तपासते आहे. कार्ड अस्सल आहे का, त्यात काही फेरफार केलाय का आणि त्याची अवस्था कशी आहे, हे पाहून १ ते १० मधला नंबर दिला जातो आणि कार्ड कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद केलं जातं. या सगळ्या कामाला ग्रेडिंग म्हणतात, आणि डबीला स्लॅब. स्लॅब न केलेलं ते रॉ कार्ड. पीएसएच्या मोजपट्टीत अर्धे नंबर आहेत, पण ते ८.५ पर्यंतच. ९ नंतर थेट १०, मध्ये ९.५ नाही. फेरविक्रीचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. कार्ड थोडक्यात हुकलं तरी ते ९ मध्ये जातं, आणि नव्या कार्डांच्या बाजारात ९ नंबरच्या स्लॅबला अनेकदा रॉ कार्डाइतकाच किंवा किंचित जास्त भाव मिळतो.

आता हिशेब. वरचंच उदाहरण घेऊ: रॉ ४० डॉलर, पीएसए १० ला १५०, पीएसए ९ ला ४५. ग्रेडिंगचे २५ आणि जाण्यायेण्याच्या टपालाचा व विम्याचा त्या कार्डाचा वाटा ३ धरला, तर कार्ड ६८ डॉलरला पडलं. ईबेवर ते १५० ला विकलं की कार्डांच्या विभागातलं सव्वातेरा टक्के कमिशन आणि ४० सेंट मिळून २०.२८ गेले, पाठवणावळीचे ५ गेले, हातात आले १२४.७२. म्हणजे नफा जवळपास ५७ डॉलर. ४५ ला विकलं तर ६.३६ कमिशन आणि ५ पाठवणावळ जाऊन ३३.६४ उरतात, म्हणजे ३४ डॉलरचा तोटा. या दोन आकड्यांवरून बरोबरी कुठे होते ते काढलं तर १०० पैकी ३८ कार्डं १० नंबरची यायला हवीत. वीस कार्डांच्या गठ्ठ्यात दहा कार्डांना १० मिळाला तर सुमारे २२५ डॉलर सुटतात, सहाच कार्डांना मिळाला तर सुमारे १४० डॉलर खिशातून जातात. दोन्ही वेळी १,३६० डॉलर काही महिने अडकून पडतात. यात एकही ८ नंबर धरलेला नाही, आणि प्रत्यक्षात एखाददुसरा येतोच. शिवाय ईबे आपलं कमिशन ग्राहकाने भरलेल्या विक्रीकरासकट एकूण रकमेवर लावतं, त्यामुळे खरा आकडा आणखी डॉलरभर वाढतो.

म्हणून पाठवायचं की नाही हे ठरवायला एकच कसोटी पुरते. ९ नंबर आला तरी सगळा खर्च निघतो का? निघत असेल तर पाठवा. निघत नसेल तर १० येण्याची शक्यता निम्म्याहून बरीच वर असल्याशिवाय पाठवू नका, आणि ती शक्यता आशेवर नाही, भिंगाखाली ठरवा.

किमती पाहताना विक्रीला लावलेले आकडे बघू नका. ईबेवर 'सोल्ड' हा फिल्टर लावून खरोखर झालेले सौदे बघा आणि शेवटच्या पाच-सहा सौद्यांची सरासरी धरा. ज्या सौद्यात 'बेस्ट ऑफर' स्वीकारलेली असते तिथे ईबे मूळ किंमत खोडून दाखवतं आणि खरी रक्कम लपते. ती १३०पॉइंट या संकेतस्थळावर सापडते. त्यानंतर पीएसएचा पॉप्युलेशन रिपोर्ट उघडा. तो सगळ्यांना मोफत दिसतो आणि त्यात प्रत्येक कार्डाला कोणता नंबर किती वेळा मिळाला हे असतं. १० मिळालेल्या कार्डांचा एकूण कार्डांशी भागाकार केला की त्या कार्डाचा जेम रेट कळतो. पण एक लक्षात ठेवा, तिथे आलेली बरीचशी कार्डं लोकांनी आधी पारखून मगच पाठवलेली असतात. रिपोर्टमध्ये ६० टक्के दिसले म्हणून न पारखलेल्या गठ्ठ्यात ६० टक्के येत नाहीत. जपानी छपाईच्या पोकेमॉन कार्डांची कापणी आणि कडा सहसा इंग्रजी कार्डांपेक्षा नीट असतात. त्यामुळे त्यांचा जेम रेट वर असतो, आणि १० नंबर सहज मिळतो म्हणूनच त्याला मिळणारा जादा भावही कमी असतो.

रॉ कार्ड विकत घेताना सगळ्यात मोठा धोका दर्जाच्या शब्दांचा आहे. टीसीजीप्लेयर या कार्डविक्रीच्या संकेतस्थळावर 'निअर मिंट' लिहिलेलं कार्ड म्हणजे खेळायला उत्तम कार्ड. त्यात बारीक झीज चालते. पीएसए १० शी त्याचा काही संबंध नाही. जो विक्रेता स्वतः कार्डं ग्रेड करून घेतो, त्याने उत्तम प्रती आधीच बाजूला काढलेल्या असतात आणि रॉ म्हणून उरलेल्या विकायला लावलेल्या असतात. पुढच्या-मागच्या बाजूचे मोठे, सरळ, स्लीव्हबाहेर काढलेले फोटो नसतील तर ग्रेडिंगसाठी ते कार्ड घेऊ नये. त्यापेक्षा कार्ड शोमध्ये हातात घेऊन पाहिलेलं कार्ड दोन-चार डॉलर महाग पडलं तरी परवडतं.

पारख

कार्ड हातात आल्यावर आधी पाठ बघा, कारण बहुतेक कार्डं तिथेच बाद होतात. पोकेमॉनच्या पाठीची निळी कड कोपऱ्यांवर आणि खालच्या बाजूला झिजली की आतला पांढरा कागद दिसतो. दहापट भिंगाखाली एका कोपऱ्यावर ठळक पांढरा ठिपका दिसला तरी १० ची आशा सोडलेली बरी. दोन-तीन ठिकाणी दिसला तर ९ सुद्धा कठीण होतो. पाकिटातून नुकत्याच काढलेल्या कार्डावरही हे ठिपके असतात, कारण ते कारखान्यात कापतानाच आलेले असतात. 'कुणी हात लावलेला नाही' ही खात्री इथे कामाची नाही.

मग सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डाच्या मधोमध छापलंय का. पीएसए १० साठी पुढच्या बाजूला ५५/४५ आणि मागच्या बाजूला ७५/२५ इतपत चालतं. ९ साठी पुढे ६०/४० आणि मागे ९०/१०. डावी आणि उजवी कड मिळून ६ मिलिमीटर असेल, तर एक बाजू ३.३ आणि दुसरी २.७ ही १० ची सीमा झाली. डोळ्याला हा फरक जेमतेम कळतो, म्हणून रेषा आखलेली पारदर्शक पट्टी वापरावी किंवा कार्ड स्कॅन करून पडद्यावर मोजावं. फोनने तिरका काढलेला फोटो मोजायला घेऊ नका, त्यात एक बाजू आपोआप रुंद दिसते. कड मुळातच बारीक असेल तर थोडी सरकलेली छपाईही प्रमाण खूप बिघडवते.

शेवटी पृष्ठभाग, आणि नवख्यांचे सगळ्यात जास्त नंबर इथे जातात. खोलीतले दिवे बंद करून एकच टेबललॅम्प किंवा फोनचा टॉर्च बाजूने, अगदी खालच्या कोनातून पाडा आणि कार्ड हळूहळू फिरवा. सरळ प्रकाशात न दिसणाऱ्या तीन गोष्टी तेव्हा दिसतात. चमकत्या भागावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी बारीक रेषा छपाईतली असते. केसासारखे ओरखडे हाताळणीतले असतात. तिसरी म्हणजे खोलगट खूण. नखाने किंवा धुळीच्या कणाने दाबून झालेला छोटासा खळगा नंबर थेट ५-६ वर आणू शकतो, आणि कार्ड स्लीव्हमध्ये असताना तो दिसतच नाही. चित्राला मुद्दाम उठाव दिलेल्या कार्डांत ओरखडे पोतामध्ये लपतात, म्हणून ती चारही दिशांनी फिरवून बघावी लागतात.

कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने धूळ आणि बोटांचे ठसे पुसावेत. त्यापुढे काही करू नये. पॉलिश लावणं, वाकलेलं कार्ड ओलावून दाबणं, झिजलेल्या कडेला निळं मार्कर लावणं, कड घासून सरळ करणं या सगळ्याला पीएसए फेरफार मानतं. असं कार्ड नंबर न देता परत येऊ शकतं आणि पैसे तरीही जातात. कार्डाचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर असतं. कापलेलं कार्ड मापात कमी भरलं की पकडलं जातं, निदान जायला हवं. ही तपासणी माणसंच करतात आणि ती चुकूही शकते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण पीएसएच्या अगदी पहिल्या कार्डाचं आहे. १९९१ मध्ये कंपनीने टी२०६ मालिकेतलं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं कार्ड पहिलं म्हणून तपासलं आणि त्याला ८ नंबर दिला. ते कार्ड कडेने कापलेलं होतं, अशी कबुली बिल मास्ट्रो या लिलावदाराने २०१३ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दिली. तरीही पीएसएच्या लेबलावर आज बाजाराचा जेवढा विश्वास आहे, तेवढा दुसऱ्या कुठल्याच लेबलावर नाही, आणि विकणाऱ्याला भाव त्या विश्वासाचा मिळतो.

पाठवणी आणि अर्ज

प्रत्येक कार्ड पातळ मऊ स्लीव्हमध्ये आणि मग कार्ड सेव्हर १ या लवचीक पाकिटात घालायचं. जाड कडक टॉपलोडर किंवा चुंबकाची डबी वापरू नका. त्यातून कार्ड ओढून काढताना कोपरा दुमडतो, आणि काढणारे हात आपले नसतात. स्लीव्हच्या वरच्या टोकाला कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा शेपटीसारखा लावा, म्हणजे तेवढा धरून कार्ड अलगद बाहेर येतं. कार्ड स्लीव्हमध्ये सरकवताना खालचे दोन्ही कोपरे एकदमच आत जायला हवेत. एक कोपरा स्लीव्हच्या तोंडाला अडकला की तिथेच पांढरा ठिपका उमटतो आणि इतकी पारख वाया जाते. अर्जात ज्या क्रमाने कार्डं लिहिली त्याच क्रमाने गठ्ठा लावा, दोन्ही बाजूंना कार्डापेक्षा थोडे मोठे पुठ्ठे ठेवा, रबर बँड घट्ट लावू नका. मग बबल रॅप आणि खोका. खोका हलवून पाहिल्यावर आतून आवाज येता कामा नये.

सेवेचे स्तर बरेच आहेत. फेरविक्रीवाल्यांच्या उपयोगाचे दोन: व्हॅल्यू बल्क आणि व्हॅल्यू. बल्कमध्ये एका वेळी किमान २० कार्डं लागतात, वार्षिक सभासदत्व लागतं, आणि दर कार्डामागे २० ते २५ डॉलरच्या घरात असतो. कंपनी हे दर वारंवार वाढवते, त्यामुळे पाठवायच्या दिवशीचाच दर हिशेबात धरा. सभासदत्वाची रक्कम वर्षभरात पाठवायच्या कार्डांवर वाटून बघा. वर्षाला वीसच कार्डं जाणार असतील तर ती बल्कमधली बरीचशी बचत खाऊन टाकते. दोन्ही स्तरांना कार्डाच्या किमतीची ५०० डॉलरची मर्यादा आहे, आणि ही किंमत नंबर मिळाल्यानंतरची धरतात. १० मिळून कार्ड मर्यादेच्या वर गेलं की पीएसए त्याला वरच्या स्तरात ढकलून फरक वसूल करते. हे आयत्या वेळी कळलं की अन्याय वाटतो, पण नियम आधीपासून लिहिलेला आहे. महागड्या कार्डाच्या हिशेबात हा फरक सुरुवातीलाच घाला. पार्सल पोचलं की खात्यात टप्पे दिसतात: नोंद, ओळख, ग्रेडिंग, डबीत बंद करणं, दोनदा तपासणी. कंपनी सांगते ते दिवस कामकाजाचे असतात आणि तो अंदाज असतो, वचन नव्हे.

या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग हाच, वेळ. मार्च २०२१ मध्ये कार्डांचा ढीग इतका साचला होता की पीएसएने स्वस्तातले सगळे स्तर बंद करून टाकले. तेव्हापासून क्षमता बरीच वाढली आहे, पण मागणी उसळली की दिवस पुन्हा लांबतात. नव्या संचातल्या कार्डांचा भाव बाजारात आल्याच्या पहिल्या काही आठवड्यांत चढा असतो. पुढे पाकिटं फुटत जातात, स्लॅबांची संख्या वाढते आणि १० नंबरचा भाव उतरतो. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्ससारख्या गाजलेल्या संचाची कार्डं ज्या दिवशी एकजण पाठवतो, त्याच दिवशी हजारोजण पाठवत असतात, आणि ती सगळी एकाच सुमारास परत येतात. म्हणून हिशेबात आजचा १० चा भाव न धरता त्यातून २०-३० टक्के उतरवून धरा. तरीही कसोटीला उतरलं, तरच पाठवा.

जुन्या कार्डांचं गणित वेगळं आहे आणि पीएसए तिथे खरोखर शोभते. १९९९ च्या बेस सेटमधलं चारिझार्ड ४ किंवा ५ नंबरचं असलं तरी स्लॅबमध्ये लवकर आणि बऱ्या भावाला जातं. ग्राहक तिथे अस्सलपणाची हमी विकत घेत असतो, आणि त्या कार्डाच्या नकला बाजारात भरपूर आहेत. इथे ९ आणि १० मधल्या दरीची धास्ती नाही, पुरवठा नव्याने वाढत नाही, आणि दोन महिने उशीर झाला तरी भाव पळून जात नाही. भांडवल मर्यादित असेल तर चाळीस डॉलरच्या वीस नव्या कार्डांपेक्षा दोन-तीन चांगली जुनी कार्डं पाठवणं शहाणपणाचं.

ग्रेडिंग करणाऱ्या इतर कंपन्याही आहेत. सीजीसी स्वस्त आहे आणि तिच्याकडे ९.५ नंबरही आहे. बेकेटचा सर्वोच्च काळ्या लेबलाचा १० क्वचित मिळतो आणि मिळाला तर पीएसए १० च्या वर भाव खातो. एसजीसी खेळांच्या जुन्या कार्डांत मानाने वावरते, आणि ती फेब्रुवारी २०२४ पासून पीएसएच्याच मालक कंपनीकडे आहे. पोकेमॉन विकायचं असेल तर मात्र पीएसए १० ला ग्राहक पटकन मिळतो आणि भावही चढा मिळतो. ग्रेडिंगमध्ये वाचलेले पाच-दहा डॉलर विक्रीत त्याहून जास्त जातात.

स्लॅब विकत घेऊन विकणाऱ्यांनी एक तपासणी कधीच टाळू नये. लेबलावरचा प्रमाणपत्र क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर टाकला की कार्डाचं नाव, नंबर आणि बऱ्याचदा फोटो येतो. पण बनावट डब्यांवर खऱ्या कार्डाचा क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे क्रमांक जुळला म्हणजे झालं असं नाही. फोटोतलं सेंटरिंग, होलोची (चमकत्या भागाची) नक्षी, एखादी ठळक खूण हातातल्या कार्डाशी ताडून बघा. डबीच्या कडा उचकटल्यासारख्या, पांढुरक्या किंवा डिंक लागलेल्या दिसल्या तर सौदा सोडा.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. एच-१बी व्हिसावर फक्त प्रायोजक कंपनीचं काम करता येतं. नफ्यासाठी नियमित खरेदी-विक्री हे अनधिकृत काम ठरू शकतं, तेव्हा पहिला गठ्ठा पाठवण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. आणि कर. विक्रीची रक्कम कर खात्याला कळवणारा १०९९-के फॉर्म ईबेकडून येण्याची मर्यादा पुन्हा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार अशी झाली असली, तरी फॉर्म न आल्याने उत्पन्न करमुक्त होत नाही. प्रत्येक कार्डाची खरेदीची पावती, ग्रेडिंगचं बिल आणि टपालखर्च एका तक्त्यात लिहून ठेवा.

भारतातून थेट पाठवणं फेरविक्रीसाठी सध्या जवळजवळ परवडतच नाही. दोन्ही बाजूंचं कुरियर आणि विमा आहेच. त्यातच २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी सर्व देशांसाठी काढून घेतली. परत येताना आपल्या कस्टम्सला हा माल आपलाच होता आणि फक्त तपासणीसाठी गेला होता, हे कागदाने पटवून द्यावं लागतं, नाहीतर स्लॅबच्या वाढीव किमतीवर शुल्क लागू शकतं. म्हणून जाताना कुरियरच्या कागदांवर प्रत्येक कार्डाचं नाव, संच आणि संचातला क्रमांक लिहा, 'तपासणीसाठी, परत येणार' असा स्पष्ट उल्लेख करा आणि त्याची प्रत जपा. बरेचजण एखाद्या गट-पाठवणी करणाऱ्यामार्फत जातात. तो मार्ग स्वस्त आहे, पण कार्डं दुसऱ्याच्या खात्यावर जातात. त्याच्याकडून प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो असलेली पोच, पीएसएचा सबमिशन क्रमांक आणि कार्ड हरवल्यास किती रक्कम मिळणार याचं लेखी उत्तर आधी घ्या. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत होलो कार्डं वाकतात, तेव्हा पाठवायची वेळ येईपर्यंत ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. स्लॅब परत आले की त्याच दिवशी लेबलावरचं नाव, वर्ष, संच आणि क्रमांक वाचून घ्या. चूक पीएसएकडून झाली असेल तर ती कंपनी विनामूल्य दुरुस्त करते, म्हणून स्लॅब विकण्याआधीच तक्रार नोंदवा.